देवयानीकडून आलेला निरोप: नारळीकरांच्या गुरूंनी लिहिलेली टीव्ही मालिका कशी घडली आणि कशी हरवली?

अंतराळातून एक रेडिओ संदेश येतो. त्यात एक यंत्र कसं बांधायचं याच्या सूचना असतात. माणसं ते यंत्र बांधतात आणि मग ते यंत्रच माणसांना कामाला लावतं.

ही कथा आजच्या एआयच्या चर्चेतली वाटेल. पण ती ३ ऑक्टोबर १९६१ रोजी बीबीसीच्या पडद्यावर सुरू झाली होती. मालिकेचं नाव होतं ‘ए फॉर अँड्रोमेडा’. तिची मूळ कल्पना होती केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांची. त्याच वेळी कोल्हापूरात जन्मलेला एक तरुण हॉयल यांच्या हाताखाली पीएचडीचं संशोधन करत होता. त्याचं नाव जयंत नारळीकर.

मालिका गाजली, तिचा पुढचा भागही निघाला. पण आज ती कुणालाही पूर्ण पाहता येत नाही. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर ती कशी बनली तिथपासून सुरुवात करावी लागते.

शास्त्रज्ञ टीव्हीकडे कसा वळला?

हॉयल हे इंग्लंडमध्ये घराघरांत माहीत असलेलं नाव होतं. विश्वाला सुरुवात नाही आणि शेवटही नाही, असं सांगणारा ‘स्थिर स्थिती’ सिद्धांत त्यांनी बाँडी आणि गोल्ड यांच्यासोबत १९४८ मध्ये मांडला. विरोधी सिद्धांतासाठी आज जगभर वापरला जाणारा ‘बिग बँग’ हा शब्दही त्यांचाच. १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या भाषणात त्यांनी तो पहिल्यांदा वापरला.

ते कथालेखकही होते. १९५७ मध्ये त्यांची ‘द ब्लॅक क्लाऊड’ ही विज्ञान कादंबरी आली. त्यामुळे बीबीसीने टीव्हीसाठी विज्ञानकथा मागितली, तेव्हा काम स्पष्ट वाटलं गेलं: कल्पना आणि विज्ञान हॉयल यांचं, तर टीव्हीची पटकथा जॉन इलियट यांची. इलियट हे बीबीसीतले अनुभवी लेखक होते. प्रसंग कुठे तोडायचा आणि संवाद किती लांब ठेवायचा, हे त्यांना माहीत होतं. निर्मितीची सूत्रं मायकेल हेस आणि नॉर्मन जेम्स यांच्याकडे होती.

१९६१च्या आधी नेमकं काय घडत होतं?

परग्रहावरून संदेश येण्याची कल्पना तेव्हा नुकतीच शास्त्राच्या टेबलावर आली होती. १९५९ मध्ये कोकोनी आणि मॉरिसन या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये लेख लिहून असे संदेश रेडिओ लहरींवर शोधता येतील, असं मांडलं. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत रेडिओ दुर्बीण दोन ताऱ्यांकडे वळवून तसा प्रयत्न केलाही. इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँकची ७६ मीटर व्यासाची दुर्बीण १९५७ पासून सुरू होती. पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अशा तबकडीची कल्पना येईल. तिथल्या प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे आणि अशा ३० तबकड्या आहेत.

स्वतः हॉयल त्या वर्षी रेडिओ खगोलशास्त्राशी झुंजत होते. फेब्रुवारी १९६१ मध्ये केंब्रिजच्याच मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची मोजणी जाहीर केली. त्या मोजणीमुळे स्थिर स्थिती सिद्धांत खोटा ठरतो, असा त्यांचा दावा होता. हॉयल आणि नारळीकर यांनी त्याच वर्षी शोधनिबंध लिहून त्याला उत्तर दिलं. म्हणजे दिवसा ज्या रेडिओ दुर्बिणींशी वाद चालू होता, त्याच दुर्बिणी हॉयल यांच्या मालिकेत पहिल्याच भागात आल्या.

कथा काय होती?

मालिका १९७० सालात, म्हणजे तेव्हाच्या नजीकच्या भविष्यात घडते. यॉर्कशायरमधल्या नव्या रेडिओ दुर्बिणीला अँड्रोमेडाच्या दिशेने येणारा एक संदेश सापडतो. मराठीत या तारकासमूहाला देवयानी म्हणतात. शहरांपासून दूर, उदाहरणार्थ चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या डोंगराळ भागात, नोव्हेंबरच्या अंधाऱ्या रात्री या समूहातली देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनीही पुसट ठिपक्यासारखी दिसू शकते.

जॉन फ्लेमिंग हा तरुण शास्त्रज्ञ ओळखतो की हा निरोप नाही, हा संगणकाचा आराखडा आहे. स्कॉटलंडमधल्या लष्करी तळावर तो संगणक बांधला जातो. पुढे तो सजीव पेशी तयार करण्याचं सूत्र देतो. आधी एक डोळा असलेला जिवंत गोळा तयार होतो. मग क्रिस्टीन या साहाय्यिकेचा यंत्रापाशी मृत्यू होतो आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक मुलगी जन्माला घातली जाते. तिचं नाव अँड्रोमेडा. सरकार आणि उद्योग या यंत्राचा फायदा घ्यायला धावतात. ‘हे यंत्र कुणासाठी काम करतंय?’ हा प्रश्न फ्लेमिंग विचारत राहतो.

एकही यान न दाखवता परग्रहाची गोष्ट

या कथेतली मुख्य युक्ती विज्ञानाची आहे. तारे इतके दूर आहेत की तिथून कुणी प्रत्यक्ष येणं जवळपास अशक्य आहे. माहिती मात्र प्रकाशाच्या वेगाने येऊ शकते. म्हणून परग्रहवासी येत नाहीत, त्यांची कृती येते आणि ती माणसंच स्वतःच्या हाताने अमलात आणतात.

टीव्हीसाठी ही युक्ती सोयीची होती. अंतराळयान नको, परका ग्रह नको, रबरी मुखवटेही फारसे नकोत. प्रयोगशाळा, कार्यालय, लष्करी तळ आणि एक मोठं यंत्र एवढ्यावर सात भाग उभे राहिले.

त्या काळच्या टीव्ही नाटकांवरची बंधनं पाहिली की हे किती उपयोगी होतं ते कळतं. चित्रण कृष्णधवल होतं. नाटकाची आधी तालीम व्हायची आणि मग स्टुडिओत अनेक कॅमेरे लावून मोठमोठे प्रसंग सलग घेतले जायचे. बाहेरची दृश्यं वेगळ्या फिल्मवर टिपून मध्ये जोडली जायची. व्हिडिओ टेप नवी होती आणि तिचं संकलन म्हणजे टेप ब्लेडने प्रत्यक्ष कापून चिकटवणं. त्यामुळे चुका झाल्या तरी पुन्हा पुन्हा चित्रण करणं परवडत नसे. अशा स्थितीत ताण उभा करायचा तो संवादांतून आणि चेहऱ्यांतून.

संगणकाचं नेपथ्य हा मात्र मोठा भाग होता. तेव्हा बहुतेक प्रेक्षकांनी संगणक कधी पाहिलेलाच नव्हता. भारतात मुंबईच्या टीआयएफआरमध्ये देशातच बांधलेला ‘टिफ्रॅक’ नुकताच १९६० मध्ये सुरू झाला होता. त्यात हजारो व्हॉल्व्ह होते आणि तो खोलीभर पसरलेला होता. अशा काळात संगणक दिसतो कसा, हे बऱ्याच प्रेक्षकांसाठी नेपथ्यकारानेच ठरवलं.

आसाममध्ये जन्मलेली अँड्रोमेडा

क्रिस्टीन आणि अँड्रोमेडा या दोन्ही भूमिका एकाच अभिनेत्रीने करायच्या होत्या. त्यासाठी निवड झाली ज्युली क्रिस्टी या फारशा कुणाला माहीत नसलेल्या २१ वर्षांच्या मुलीची. तिचा जन्म १९४० मधला, आसाममधल्या चहाच्या मळ्यातला. तिला मोठी ओळख मिळाली ती याच मालिकेतून. १९६५च्या ‘डार्लिंग’ चित्रपटासाठी तिने ऑस्कर जिंकलं. पुढे १९८३च्या ‘हीट अँड डस्ट’मध्ये ती शशी कपूर यांच्यासोबत दिसली. फ्लेमिंगची भूमिका पीटर हॅलिडे यांनी केली, तर जीवशास्त्रज्ञ डॉनी यांची मेरी मॉरिस यांनी.

१९६२ मध्ये ‘द अँड्रोमेडा ब्रेकथ्रू’ हा सहा भागांचा पुढचा अध्याय आला. त्यात ज्युली क्रिस्टी नव्हती. तिच्या जागी सुझन हॅम्पशायर आली.

मग मालिका हरवली कशी?

इथे कुठलीही आग किंवा चोरी झाली नाही. टेप पुसल्या गेल्या.

आज हे अविश्वसनीय वाटतं, पण तेव्हाचा हिशेब वेगळा होता. व्हिडिओ टेप महाग होती आणि तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग करता येत होतं. कलाकारांशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या आणि त्याचे पैसेही द्यावे लागत. घरात व्हिडिओ पाहण्याची सोय नव्हती. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये रंगीत प्रसारण सुरू झाल्यावर जुन्या कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईक उरलं नाही. नाटक एकदा झालं की संपलं, रंगभूमीसारखं, अशीच समजूत होती. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या सर्वांत गाजलेल्या विज्ञान मालिकेचेही अनेक जुने भाग असेच गेले. सगळं जपून ठेवण्याचं धोरण बीबीसीत रुजलं ते १९७८च्या सुमारास.

महाराष्ट्रात हे कळण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेच २ ऑक्टोबर १९७२ रोजी.

आज काय उरलं आहे?

सातपैकी फक्त सहावा भाग, ‘द फेस ऑफ द टायगर’, पूर्ण उपलब्ध आहे. तो बीबीसीकडे नव्हता. एका खासगी संग्राहकाकडे असलेली त्याची फिल्मवरची प्रत २००५च्या सुमारास समोर आली. बाकी भागांचे काही तुकडे आहेत.

शिवाय काही छायाचित्रं आहेत. जॉन क्युरा नावाचा एक छायाचित्रकार कार्यक्रम चालू असताना टीव्हीच्या पडद्याचेच फोटो काढायचा आणि ते कलाकार व दिग्दर्शकांना विकायचा. आपलं काम पुन्हा पाहण्याचा तेवढाच मार्ग होता. आज हरवलेल्या कित्येक कार्यक्रमांची दृश्यं केवळ अशा छोट्या फोटोंमुळे कळतात. या मालिकेच्या बाबतीतही फोटोंचा आधार घेऊनच कथेचा क्रम पुन्हा जुळवला गेला.

याखेरीज हॉयल आणि इलियट यांनी लिहिलेली कादंबरी १९६२ मध्ये आली आणि ती टिकली. इटलीच्या ‘राय’ने १९७२ मध्ये स्वतःची मालिका केली. बीबीसीने २००६ मध्ये टॉम हार्डीला घेऊन ही कथा नव्याने चित्रित केली.

कल्पना मात्र फिरत राहिली

१९६७ मध्ये केंब्रिजमध्येच जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला अगदी नियमित येणारे रेडिओ ठोके सापडले. गटाने त्या स्रोताला गमतीने ‘एलजीएम-१’ म्हटलं. एलजीएम म्हणजे ‘छोटी हिरवी माणसं’. ते निघाले पल्सर. निसर्गच ठोके देत होता.

नारळीकर भारतात परतल्यानंतर १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने उतरले. ‘कृष्णविवर’ या त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे ‘वामन परत न आला’ या कादंबरीत त्यांनी वेगळ्याच वाटेने असाच प्रश्न मांडला: जमिनीखाली सापडलेल्या प्राचीन माहितीवरून अतिबुद्धिमान यंत्रमानव बांधला, तर त्याला आवरणार कोण? शास्त्रज्ञाने कथा लिहिणं हे हलकं काम नाही, हे हॉयल यांनी केंब्रिजमध्ये दाखवलं होतं. नारळीकरांनी तेच मराठीत केलं. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

१९६१च्या त्या प्रसारणाच्या लहरींचा काही अंश पृथ्वीबाहेर गेला आणि आज तो ६० प्रकाशवर्षांहून दूर पोहोचला आहे. पण तो इतका क्षीण आहे की पकडता येणार नाही आणि प्रकाशाला मागे टाकून त्याच्या पुढे जाणंही कुणाला शक्य नाही. उरलेले सहा भाग सापडले तर ते इथेच, कुणाच्या तरी माळ्यावरच्या डब्यात सापडतील. सहावा भाग तसाच परत आला.