जुने पुस्तक घेताना आधी साल विचारा!

चंद्रपूर, प्रतिनिधी - शाळा-महाविद्यालये उघडली आणि नोकरभरतीच्या जाहिराती निघाल्या की जुन्या पुस्तकांच्या दुकानांत गर्दी होते. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील अनेक विद्यार्थी या खरेदीसाठी नागपूरच्या सीताबर्डीची वाट धरतात. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, तर गडचिरोलीहून त्याहूनही दूर. इतका प्रवास करून आणलेले पुस्तक कालबाह्य निघाले तर पैसे जातात आणि प्रसंगी परीक्षेची एक संधीही हुकते. याउलट, घरातून किलोच्या भावाने रद्दीत गेलेले एखादे पुस्तक या भागाच्या इतिहासाचा मोलाचा दस्तऐवज असू शकते. दोन्ही नुकसानींचे कारण एकच : पुस्तक कोणत्या सालचे आहे, हे कोणी पाहिलेले नसते. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ग्राहक नेहमी विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे वाचकांच्या सोयीसाठी देत आहोत.

मागच्या आवृत्तीवर भागेल का?

हे विषयावर अवलंबून आहे. अंकगणित, व्याकरण, शब्दकोश, प्राचीन इतिहास यांची दहा वर्षांपूर्वीची प्रतही उपयोगी पडते. कायदा, राज्यव्यवस्था, पर्यावरण आणि सामान्यज्ञान या विषयांत मात्र जुने पुस्तक घात करते.

वनरक्षक भरतीची तयारी करणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे. वन्यजीव संरक्षण कायद्यात पूर्वी सहा अनुसूची होत्या. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यानंतर त्या चार झाल्या. १९८० च्या वन संवर्धन कायद्याचे नावही डिसेंबर २०२३ पासून 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' असे बदलले आहे. भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली असून कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्याने त्याआधीचे बहुपर्यायी प्रश्नसंच मुख्य परीक्षेच्या सरावासाठी पुरेसे नाहीत.

दुकानात उभ्या उभ्या करता येण्याजोगी एक चाचणी आहे. पुस्तकात महाराष्ट्राचे जिल्हे ३५ दिले असतील, तर तो मजकूर ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा होण्यापूर्वीचा समजावा.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक काय?

शीर्षकपानाच्या मागील बाजूस प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती व साल यांची नोंद असते. 'सुधारित आवृत्ती' म्हणजे मजकुरात बदल केलेले पुस्तक. 'पुनर्मुद्रण' म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला. त्यामुळे २०२४ चे पुनर्मुद्रण असलेल्या पुस्तकात २०१८ चाच मजकूर असू शकतो. मुखपृष्ठावरील ठळक साल पाहून निर्णय घेऊ नये, आतली नोंद वाचावी. हे पान फाडलेले असेल किंवा त्यावर चिठ्ठी चिकटवलेली असेल, तर परीक्षेचे पुस्तक म्हणून ती प्रत न घेतलेलीच बरी.

शाळा-महाविद्यालयाची जुनी पुस्तके चालतील का?

शासकीय व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. त्यामुळे खरा प्रश्न नववीपासून पुढे येतो. विकत घेण्यापूर्वी त्या इयत्तेचा चालू अभ्यासक्रम कोणता, हे ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पाहावे. तेथे पाठ्यपुस्तके विनामूल्य वाचता येतात. मुखपृष्ठ व अनुक्रमणिका जुळली, तरच जुनी प्रत घ्यावी.

या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालये २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाकडे आली. त्यापूर्वी ती नागपूर विद्यापीठाला संलग्न होती. नागपूरच्या बाजारात मिळणारी पदवीची बरीच पुस्तके आजही नागपूर विद्यापीठाच्या अभ्यासक्रमानुसार असतात. विषयाचे नाव सारखे म्हणून घटकही सारखे असतील, असे गृहीत धरू नये. अभ्यासक्रमाची प्रत सोबत न्यावी.

किंमत कशी ठरते?

मागणी, उपलब्धता आणि प्रतीची स्थिती या तीन गोष्टींवर. नुसते जुनेपण किंमत वाढवत नाही. अरण्यऋषी म्हणून ओळखले जाणारे मारुती चितमपल्ली यांचे २०२५ मध्ये निधन झाले. त्यांची अनेक पुस्तके पुनर्मुद्रित झालेली आहेत. त्यामुळे साध्या जुन्या प्रतीसाठी नव्या प्रतीपेक्षा अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. पहिली आवृत्ती, लेखकाची स्वाक्षरी किंवा पुन्हा न छापलेला ग्रंथ असेल, तर गोष्ट वेगळी. पाने मोजून घ्यावीत, नकाशे व चित्रे जागेवर आहेत का ते पाहावे आणि मगच घासाघीस करावी.

घरातली पुस्तके विकत घ्याल का?

घेतात, पण सगळी नाही. कालबाह्य मार्गदर्शिका आणि जुनी मासिके यांना बहुधा रद्दीचाच भाव मिळतो. विक्रेत्याला जागा अडवून ठेवावी लागते आणि पुस्तक कधी विकले जाईल याची शाश्वती नसते, म्हणून तो छापील किमतीच्या बऱ्याच कमी रक्कम देतो.

मात्र, घरातील एखाद्या दिवंगत शिक्षकाचा, वकिलाचा किंवा वनखात्यातील कर्मचाऱ्याचा संग्रह एकगठ्ठा काढू नये. गावाचा इतिहास, शाळेचा वा संस्थेचा सुवर्णमहोत्सवी अंक, जुने नकाशे, संमेलनाच्या स्मरणिका आधी बाजूला काढाव्यात. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपुरात १९७९ मध्ये वामन कृष्ण चोरघडे यांच्या आणि २०१२ मध्ये वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. अशा प्रसंगी निघालेले साहित्य पुन्हा छापले जात नाही. हस्तलिखित पोथी वा कागदपत्र पंचाहत्तर वर्षांहून जुने व ऐतिहासिक मोलाचे असेल, तर त्याला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. ते विकण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाचा सल्ला घ्यावा.

गडचिरोलीवर जुने काही आहे का?

या प्रश्नाला बहुतेक वेळा 'नाही' असे उत्तर मिळते, कारण प्रश्नच चुकलेला असतो. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या पुस्तकांत हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात सापडतो आणि १९६४ च्या सुमारास नाव बदलण्यापूर्वीच्या पुस्तकांत 'चांदा' या नावाखाली. सिरोंचाविषयी १८७४ पूर्वीचे काही हवे असेल, तर 'अपर गोदावरी' जिल्हा असे विचारावे लागते.

मेजर ल्युसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याचा १८६९ चा जमाबंदी अहवाल, चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेले मध्य प्रांताचे १८७० चे गॅझेटियर, बेग्बी यांचे १९०९ चे चांदा गॅझेटियर आणि रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ चा चार खंडांचा ग्रंथ, ही या भागाच्या अभ्यासाची प्रमुख इंग्रजी साधने होत. त्यांतील आदिवासींविषयीची मते वसाहतकालीन अधिकाऱ्यांची आहेत, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावीत. तरीही जमीनदाऱ्या, तलाव, बाजार, जंगल यांच्या त्या काळच्या नोंदी दुसरीकडे क्वचितच मिळतात. वनहक्क वा गावाच्या पूर्वस्थितीचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांचा उपयोग होतो. हे ग्रंथ आता स्वामित्व हक्कातून मुक्त असल्याने मूळ प्रत परवडत नसेल, तर आंतरजालावरील प्रतीवर काम भागू शकते.

ग्रंथालयाचा शिक्का असलेले पुस्तक घ्यावे का?

ग्रंथालये जीर्ण झालेली पुस्तके रीतसर निर्लेखित करून विकतात. तसा 'रद्द' किंवा 'निर्लेखित' शिक्का असेल, तर हरकत नाही. नुसता दाखलअंक व ग्रंथालयाचा शिक्का असेल, तर ते परत न केलेले पुस्तक असण्याचा संभव आहे. विक्रेत्याला तसे स्पष्ट विचारावे.

जुने पुस्तक विकणे कायदेशीर आहे का?

होय. एकदा विकल्या गेलेल्या प्रतीची पुनर्विक्री करण्यास स्वामित्व हक्क कायदा आडकाठी करीत नाही. गुन्हा ठरते ती चोरून छापलेली प्रत विकणे. पुसट अक्षरे, तिरकी कापलेली पाने, विटक्या रंगाचे मुखपृष्ठ आणि कोरा करकरीत कागद असूनही नाममात्र किंमत, ही अशा प्रतीची लक्षणे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. म्हणूनच १९५० मध्ये निधन झालेल्या साने गुरुजींची पुस्तके आज कोणालाही छापता येतात, १९७६ मध्ये निधन झालेल्या वि. स. खांडेकरांची अद्याप नाही.

दूरच्या गावी पुस्तक मागवता येईल का?

डाक खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सेवा सुरू केली. आरंभीचे दर तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये (कर वेगळा) असे होते. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव असणे आवश्यक आहे. नियतकालिके यातून पाठवता येत नाहीत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिकडील वाचकांनी पुस्तके पावसापूर्वीच मागवावीत आणि विक्रेत्याला प्लास्टिकच्या वेष्टनात बांधण्यास सांगावे.

घरी आणल्यावर काय काळजी घ्यावी?

जुने पुस्तक थेट कपाटात ठेवू नये. आठवडाभर वेगळे ठेवून वाळवी, कसर व बुरशी नाही ना, याची खात्री करावी. ओलसर पाने सावलीत, वाऱ्यावर वाळवावीत. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. अशा उन्हात ठेवलेला जुना कागद ठिसूळ होऊन तुकडे पडतात. चिकटपट्टी लावू नये, ती कालांतराने पिवळी पडून अक्षरे झाकते. कपाट भिंतीपासून थोडे दूर आणि जमिनीपासून उंच असावे.

थोडक्यात, दुकानात जाताना विषय, लेखक, हवी ती आवृत्ती आणि साल कागदावर लिहून न्यावे. विकायला जातानाही हाच नियम पाळावा. प्रत्येक पुस्तकाच्या शीर्षकपानाची मागील बाजू एकदा वाचावी आणि मगच गठ्ठा तराजूवर ठेवावा.