मनोरा नसलेली धावपट्टी

विमानतळ म्हटला की डोळ्यांसमोर काचेच्या खोलीचा उंच मनोरा येतो. मनोऱ्यातील नियंत्रक परवानगी देतो आणि मगच विमान उतरते किंवा उडते, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पण जगातील बहुसंख्य लहान धावपट्ट्यांवर आजही मनोरा नाही. मुंबईतील नागरी विमानवाहतुकीची सुरुवातही अशाच, कोणी परवानगी देणारे नसलेल्या जागी झाली. मग दोन विमाने एकाच वेळी एकाच जागी येऊ नयेत, याची काळजी कोण घेत असे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना इतिहास, भूमिती आणि पदार्थविज्ञान या तिन्ही विषयांत डोकवावे लागते.

जुहूचा चिखल

जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे येथे उतरले. विमान होते 'पस मॉथ', एका इंजिनाचे. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. विमानात रेडिओ नव्हता आणि जमिनीवर मार्गदर्शनाची कोणतीही सोय नव्हती. पावसाळ्यात जुहूला चिखल आणि पाणी साचे. तेव्हा सारा कारभार पुण्याला हलवावा लागे.

अशा ठिकाणी वैमानिकाने पाहायचे ते वाऱ्याकडे. विमान वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरले, तर हवेच्या तुलनेत पुरेसा वेग असूनही जमिनीच्या तुलनेत वेग कमी राहतो आणि थांबायला कमी अंतर लागते. यासाठी खांबावर लावलेली कापडी नळी, म्हणजेच विंडसॉक, वाऱ्याची दिशा दाखवते. काही ठिकाणी जमिनीवर इंग्रजी 'टी' अक्षराची पांढरी आकृती मांडत. तिच्या दांड्याला समांतर, आडव्या पट्टीकडे जात उतरायचे. या खुणांचा एक फायदा चटकन लक्षात येत नाही. सर्वांनी एकच खूण पाहिली की सर्व जण एकाच दिशेने उतरतात आणि समोरासमोर येण्याचा प्रसंग आपोआप टळतो.

हुकमाऐवजी संकेत

उड्डाणाचे आंतरराष्ट्रीय नियम १९१९ च्या पॅरिस करारात प्रथम एकत्र आले. १९४४ च्या शिकागो करारानंतर त्यांना आजचे जागतिक रूप मिळाले. वेगळी सूचना नसेल तर उतरण्यापूर्वीची सर्व वळणे डावीकडे घ्यायची, हा त्यांतला एक नियम. त्यामुळे धावपट्टीभोवती एक अदृश्य आयत तयार होतो: आधी धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने उडायचे, मग डावीकडे एक वळण, पुन्हा एक वळण, आणि धावपट्टी समोर. शेजारी-शेजारी आसने असलेल्या विमानात मुख्य वैमानिक सहसा डावीकडे बसतो, त्यामुळे डाव्या वळणात धावपट्टी त्याच्या बाजूला राहते.

उतरणाऱ्या विमानाला उडू पाहणाऱ्याने वाट द्यावी, आणि दोन विमाने उतरत असतील तर खालच्याचा हक्क पहिला, हे आणखी दोन संकेत. घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, तसेच हे. घाटाच्या प्रत्येक वळणावर पोलीस उभा नसतो. तरी समोरचा काय करील याचा अंदाज दोघांनाही असतो. मनोरा नसलेल्या धावपट्टीची सुरक्षितता याच अंदाजावर उभी आहे.

मनोरा असूनही

क्रॉयडन या लंडनजवळच्या विमानतळावर १९२० साली उभारलेला मनोरा जगातील पहिला मानला जातो. हळूहळू मोठ्या विमानतळांवर मनोरे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईची मुख्य वाहतूक जुहूहून सांताक्रूझला गेली. मात्र दोन्ही विमानतळ दोन-तीन किलोमीटरच्या अंतरात आणि धावपट्ट्या जवळपास एकाच, पूर्व-पश्चिम दिशेच्या. १९५३ साली एक कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी जुहूला उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाने तेच केले. ते छोटी धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. परवानगी सांताक्रूझची होती, चाके मात्र जुहूला टेकली. जुहूच्या धावपट्टीवर त्या क्षणी दुसरे विमान असते, तर सांताक्रूझच्या परवानगीने त्याचे काहीच रक्षण झाले नसते.

आवाज आला, पण कोणाचा?

रेडिओ आल्यावर मनोरा नसलेल्या ठिकाणी नवी पद्धत रुजली. सर्वांनी एकच वारंवारता लावायची आणि आपण कोण, कुठे आहोत व काय करणार आहोत हे बोलून सांगायचे. हिची मर्यादा अमेरिकेतील क्विन्सी येथे १९ नोव्हेंबर १९९६ रोजी दिसली. एक लहान प्रवासी विमान उतरत होते. त्याला छेदणाऱ्या धावपट्टीच्या टोकाशी 'किंग एअर' जातीचे विमान उभे होते आणि त्याच्या मागे आणखी एक छोटे विमान. उतरणाऱ्या वैमानिकांनी विचारले, 'किंग एअर' थांबणार आहे का? उत्तर आले ते मागच्या छोट्या विमानाकडून. त्यातच कॉकपिटमधील इशारायंत्राचा आवाज मिसळला आणि ते उत्तर 'किंग एअर'चेच आहे असा समज झाला. प्रत्यक्षात 'किंग एअर' उड्डाणासाठी धावू लागले होते. दोन्ही विमाने छेदनबिंदूवर आदळली आणि दोन्हींतील सर्व १४ जण मृत्युमुखी पडले. 'किंग एअर'च्या वैमानिकांनी रेडिओकडे आणि आजूबाजूच्या विमानांकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

विमानांच्या रेडिओवर दोघे एकदम बोलले तर दोन वाहक लहरी एकमेकींत मिसळतात आणि बरेचदा नुसती शिट्टी ऐकू येते. कोणी दुसऱ्या वारंवारतेवर असेल किंवा कोणाकडे रेडिओच नसेल, तर काहीच ऐकू येत नाही. म्हणून शांतता म्हणजे धावपट्टी मोकळी असे मानायचे नाही, आणि उत्तर आले तरी ते कोणाचे हे ताडून पाहायचे.

स्थिर ठिपक्याचा धोका

शेवटी भिस्त डोळ्यांवर राहते. पण डोळेही फसतात. ताशी १५० किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर आली, तर त्यांच्यातील एक किलोमीटर अंतर १२ सेकंदांत संपते. शिवाय सरळ रेषेत, कायम वेगाने येणारे जे विमान आपल्यावर आदळणार असते, ते काचेत एकाच जागी स्थिर दिसते. आपली नजर हालचाल चटकन टिपते, स्थिर ठिपका सहज निसटतो.

हे मैदानावर करून पाहता येईल. चुन्याने काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा आखाव्यात. दोन विद्यार्थ्यांनी छेदनबिंदूपासून सारख्या अंतरावरून, सारख्या चालीने निघावे. एकाने पुढे पाहत चालावे. दुसऱ्याने, मान न वळवता, आपला जोडीदार कोणत्या कोनात दिसतो हे दर पाच पावलांनी सांगावे. कोन बदलत नाही, जोडीदार फक्त मोठा दिसू लागतो. मग एकाने चाल थोडी वाढवावी. आता कोन बदलू लागतो आणि टक्कर टळते. वैमानिकांना हीच गोष्ट शिकवतात: काचेत सरकणारे विमान बहुधा निघून जाईल, जागचे न हलणारे विमान आपल्याकडेच येत आहे.