पाळकाची भाकर: मदनावतीची नीळ आणि श्रीरामपूरची सामायिक थैली

भोपाळच्या बरखेडा भागात आमचे गेली काही वर्षे वरचेवर जाणे-येणे आहे. विजेची अवजड यंत्रे बनविणाऱ्या ज्या सरकारी कारखान्याची कंपनी १९५६ साली स्थापन झाली आणि जो १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाला, त्याच्या विस्तीर्ण वसाहतीचा हा एक भाग होय. कारखान्याबरोबर देशाच्या चारी दिशांहून माणसे येथे आली. त्यांत मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबेही आली. अशाच एका घरी उपासनेनंतर बसलो असता, दिवसा कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी व रविवारी मंडळीची सेवा करणाऱ्या एका धर्मशिक्षकांनी आम्हांस विचारले, "पाद्रीसाहेब, माझा पगार कारखान्याचा. मग मी अर्धाच सेवक समजावा काय?" आम्ही तेव्हा पौलाच्या राहुट्यांचे उदाहरण देऊन वेळ मारून नेली. ते उत्तर तोकडे होते, हे घरी परतताना आमच्याच ध्यानात आले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे, आणि ती आमच्या मराठी मंडळीच्या इतिहासाच्या आधारे करावयाची आहे.

पौलाचे उदाहरण तोकडे का? कारण आपण ते नेहमी अर्धेच सांगतो. करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तो राहुट्या करीत होता, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे. थेस्सलनीकेत रात्रंदिवस कष्ट करून आपण कोणावर भार घातला नाही, असे तो स्वतः लिहितो. परंतु त्याच पौलाने फिलिप्पैकरांकडून साहाय्य स्वीकारले, आणि सुवार्ता सांगणाऱ्याची उपजीविका सुवार्तेवर चालावी हा प्रभूचा नियम आहे, असेही करिंथकरांस कळविले. म्हणजे मंडळीकडून घेण्याचा हक्क त्याने कधी नाकारला नाही. एका ठिकाणी तो वापरला, दुसऱ्या ठिकाणी वापरला नाही. ज्या करिंथात पैसे घेऊन बोलणाऱ्या वक्त्यांचा सुळसुळाट होता आणि देणारा घेणाऱ्यास आपला आश्रित समजे, तेथे त्याने हाताला घट्टे पाडून घेतले. भाकर कोठून येते यापेक्षा भाकरीबरोबर धनी कोण येतो, याकडे त्याचे लक्ष होते असे आम्हांस वाटते.

पुढील शतकांतील मंडळीनेही हाच भेद सांभाळण्याचा प्रयत्न केला. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन, आपली मंडळी सोडून व्यापाराच्या जत्रा धुंडाळणाऱ्या बिशपांविषयी कडक शब्दांत लिहितो. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्विराच्या परिषदेने सेवकांना व्यापारासाठी आपले ठिकाण सोडून भटकण्यास बंदी केली. मात्र स्वतःच्या प्रांतात व्यवहार करण्याची मुभा ठेवली. पाचव्या शतकातील गॉल प्रांताच्या एका नियमसंग्रहात तर सेवकाने आपल्या पदाच्या कर्तव्यास बाध न आणता हस्तकौशल्याने वा शेतीने आपले अन्नवस्त्र मिळवावे असेच सांगितले आहे. कष्टास मान आणि नफ्याविषयी संशय, असा हा जुना कल आहे. रोमन कॅथलिक मंडळीच्या १९८३ च्या धर्मविधानातही अधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून व्यापार करण्यास धर्मगुरूंना मनाई आहे.

आता आपल्या घरच्या इतिहासाकडे वळू. मराठी भाषेतील पहिले छापील शुभवर्तमान ज्या पैशावर उभे राहिले, तो पैसा मोठ्या अंशी पाळकांच्या बाहेरच्या कमाईचा होता, ही गोष्ट आमच्यापैकी किती जणांच्या ध्यानी असते?

विल्यम केरी हा मुळात जोडे शिवणारा कारागीर. इंग्लंडमध्ये मंडळीचा पाळक असतानाही जोडे शिवून व शाळा चालवून तो संसार रेटीत असे. १७९३ साली तो बंगालमध्ये उतरला तेव्हा त्यास पाठविणारी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी अवघी एक वर्षाची होती व तिची थैली हलकी होती. काही महिन्यांतच त्याच्यावर हलाखीची पाळी आली. १७९४ साली जॉर्ज उडनी या व्यापाऱ्याने त्यास मालदा भागातील मदनावती येथील निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक नेमले. पगार दरमहा २०० रुपये. केरीने तत्काळ सोसायटीस कळविले की आता मला तुमच्या पैशाची गरज नाही, तो दुसऱ्या ठिकाणच्या कार्यास लावा. सोसायटीकडून आभारांऐवजी इशारा आला: व्यापाराच्या नादात मिशनरी हरवू देऊ नका. केरीच्या जिव्हारी ते लागले.

या प्रसंगी बहुतेक चरित्रकार केरीची बाजू घेतात, आणि ते रास्तच आहे; मदनावतीस त्याने शाळा काढली, बंगाली नव्या कराराचे भाषांतर पुढे नेले. परंतु एक गोष्ट आम्हांस थांबविते. मदनावतीच्या पाच-सहा वर्षांत त्याच्या हातून एकाही भारतीयाचा बाप्तिस्मा झाला नाही. पहिला बाप्तिस्मा कृष्ण पाल या सुताराचा, आणि तो १८०० सालच्या डिसेंबरात, श्रीरामपूर येथे. यास कारणे अनेक असतील. आम्ही त्याचा एकच अर्थ लावीत नाही. तथापि मदनावतीत जे मजूर त्याचे प्रवचन ऐकत, त्यांतील पुष्कळांची मजुरी त्याच्याच हातून मिळत असे. ऐकणारा आपल्या मालकासमोर बसला आहे, हे वक्त्याने विसरले तरी ऐकणारा विसरत नाही. श्रीरामपुरास डॉक्टर थॉमसने ज्याचा निखळलेला हात बसविला, तो कृष्ण पाल मिशनचा मजूर म्हणून आलेला नव्हता.

निळीचा धंदा बसल्यावर केरी १८०० च्या जानेवारीत श्रीरामपुरास गेला. हे गाव डेन्मार्कच्या सत्तेखाली होते, आणि ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नसे. तेथे केरी, मार्शमन व वॉर्ड यांनी जे घर बसविले त्याचे नियम आज वाचताना नवल वाटते. सर्व कुटुंबांचा एकच मुदपाकखाना. घरची देखरेख पाळीपाळीने. शनिवारी संध्याकाळी एकत्र बसून आठवड्यातील कुरबुरी मिटवावयाच्या. आणि कोणी स्वतःच्या नावाने धंदा करावयाचा नाही, जे मिळेल ते सामायिक थैलीत. मार्शमन दांपत्याच्या निवासी शाळांचे उत्पन्न, वॉर्डच्या छापखान्याचे उत्पन्न आणि केरीचा पगार असे तिन्ही ओघ त्या एका थैलीस मिळाले. १८०५ साली त्यांनी आपसांत जो करारनामा केला तो प्रत्येक ठाण्यावर वर्षातून तीन वेळा मोठ्याने वाचावयाचा असा दंडक होता. विसरण्याची सवय मनुष्यास किती असते हे त्यांना ठाऊक असावे.

केरीचा पगार येत होता तो कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातून. कंपनीच्या तरुण अंमलदारांना देशी भाषा शिकविण्यासाठी हे कॉलेज १८०० साली निघाले. १८०१ साली केरी तेथे दरमहा ५०० रुपयांवर बंगाली व संस्कृत शिकवू लागला. पुढे मराठी त्याच्याकडे आली, आणि १८०७ साली तो प्राध्यापक झाल्यावर पगार १००० रुपये झाला. त्यातील फारच थोडा तो कुटुंबाकडे ठेवी. आणि पाहा, या नोकरीनेच त्यास मराठीकडे आणले. १८०५ साली त्याचे मराठी व्याकरण निघाले, १८१० साली मोडी टाइपातील मराठी-इंग्रजी कोश. मत्तयाचे मराठी शुभवर्तमान १८०५ चे, नवा करार १८११ चा. कॉलेजातील वैजनाथ पंडित, ज्यांचे सिंहासनबत्तिशीचे मराठी भाषांतर १८१४ साली छापून निघाले, ते या सर्व मराठी कामात त्याच्या जवळ होते. नोकरीने सेवेचा वेळ खाल्ला असे येथे म्हणता येत नाही. नोकरीने सेवेस तिची भाषा दिली. (त्या भाषांतराची मराठी पुढे टिकली नाही, मुंबईकडील मिशनऱ्यांनी नव्याने भाषांतरे केली, हे खरे. पण पहिला कुदळीचा घाव कोणी घातला हे विसरू नये.)

इतिहासाची एक थट्टाही येथे नोंदवावीशी वाटते. १८१२ साली अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट कलकत्त्यास उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. ते कसेबसे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोचले व तेथे अमेरिकन मराठी मिशनचा पाया पडला. ज्या सरकारने त्यांना हाकलले, तेच सरकार त्याच वेळी दुसऱ्या मिशनऱ्यास मराठी शिकविण्याबद्दल दरमहा हजार रुपये मोजीत होते. बाहेरच्या धन्याचे मन असे असते. त्यास तुमचे कौशल्य हवे असते, तुमची सुवार्ता नव्हे.

एवढे असूनही श्रीरामपूरची गोष्ट सुखान्त नाही, आणि आमच्या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. स्वकष्टाच्या पैशाने जमिनी घेतल्या, इमारती उभ्या राहिल्या. १८१५ साली सोसायटीचा चिटणीस अँड्र्यू फुलर, ज्याच्या मैत्रीवर सर्व व्यवहार चालत होता, तो वारला. नव्या मंडळींनी विचारले, ही मालमत्ता कोणाची? श्रीरामपूरकरांचे म्हणणे, आम्ही कमावली व देवाच्या कार्यास वाहिली, तिची व्यवस्था आम्हीच पाहू. इंग्लंडातून आलेल्या तरुण मिशनऱ्यांशीही बेबनाव झाला. १८२७ साली श्रीरामपूर व सोसायटी विभक्त झाली. ते भांडण मिटावयास १८३७ उजाडले, तेव्हा केरी व वॉर्ड हयात नव्हते. मध्यंतरी, १८३० नंतर, कलकत्त्याच्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या व त्यांत मिशनच्या ठेवीही गेल्या. जी माणसे एका पैशाचीही अफरातफर करणारी नव्हती, त्यांच्यावर संशयाची राळ उडाली. स्वतः कमावणारा सेवक कोणास जबाबदार, याचे उत्तर वेळीच लिहून ठेवले नाही तर निष्कलंक माणसासही त्याची किंमत मोजावी लागते.

मराठी मुलखात प्रश्नाने वेगळे रूप घेतले. येथे उपदेशकाचा पगार मिशन देत असे. १८५४ साली अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन मुंबई-अहमदनगरकडे आले. मंडळी स्वावलंबी, स्वयंशासित व स्वतः सुवार्ता पसरविणारी असावी, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या भेटीच्या काळातच अहमदनगरास हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तत्त्व उत्तम होते, परंतु खेड्यातील मंडळी कोणाची? गावकीची कामे सोडल्यामुळे ज्यांचे बलुते धोक्यात आले होते, अशा गरीब महार कुटुंबांची. त्यांनी पाळकास पोसावे कशावर? दुष्काळाच्या साली तर पाळक व मंडळी दोघांचीही चूल मिशनच्या मदतीवर. अँडरसनसाहेबांच्या सूत्रात आकाशाच्या पावसाचा हिशेब धरलेला नव्हता, असे आम्ही आदरपूर्वक म्हणतो.

पगारी सेवेचा काच ज्यास सर्वांत अधिक जाणवला तो नारायण वामन टिळकांस. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा, पुढे अहमदनगरास अध्यापन, १९०४ साली दीक्षा. आणि १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडून संन्यस्त वृत्ती धरली व साताऱ्यास देवाच्या दरबाराचा आरंभ केला. पगार अपुरा म्हणून त्यांनी तो सोडला नाही. परकीयांचा पगारी मनुष्य ही आपली ओळख आपल्या देशबांधवांच्या व आपल्या प्रभूच्या मध्ये उभी राहते, हे त्यांचे दुःख होते. केरी जो प्रश्न कमावून सोडवू पाहत होता, तो टिळकांनी त्यागून सोडवला. मात्र त्या त्यागाची झळ लक्ष्मीबाईंस लागलीच. टिळकांच्या उदारपणापायी संसाराची जी ओढाताण होई, ती त्यांच्या 'स्मृतिचित्रां'त हसतखेळत सांगितली आहे म्हणून आपण हसतो. पाळकाच्या उपजीविकेची चर्चा करताना पाळकिणीस विचारण्याची पद्धत आमच्यात अद्याप पडलेली नाही, हे जाता जाता नमूद करतो.

बरखेड्यास परत येण्यापूर्वी फ्रान्सची एक आठवण द्यावयास हवी, कारण ती कारखान्याची आहे. १९४० नंतरच्या दशकात तेथील काही कॅथलिक धर्मगुरू गोदीत व गिरण्यांत मजूर म्हणून शिरले. मंडळीपासून तुटलेल्या कामगारांमध्ये त्यांच्यासारखेच होऊन राहावे, हा हेतू. कामगार संघटनांतील त्यांचा सहभाग रोमला मानवला नाही. १९५४ साली बहुतेकांना माघारी बोलावले, १९५९ साली पूर्ण बंदी आली. व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, १९६५ साली, ही वाट पुन्हा मोकळी झाली. त्या धर्मगुरूंना वेतनाची गरज होती म्हणून ते कामास गेले नव्हते. वेतन घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहणे हीच त्यांची सेवा होती.

आमचे बरखेड्याचे धर्मशिक्षकही त्या रांगेत उभे आहेत, आणि आम्ही दीक्षित माणसे नाहीत. त्यांचे श्रोते त्यांचे मजूर नाहीत, सोबती आहेत. ते मदनावतीच्या केरीपेक्षा सुस्थितीत आहेत. दुसऱ्या एका गावी मात्र आम्ही असेही पाहिले आहे की सेवक विम्याची वा जमिनीच्या तुकड्यांची दलाली करतो, आणि त्याचे गिऱ्हाईक म्हणजे त्याचीच मंडळी. घरभेटीस आलेला पाळक प्रार्थनेनंतर पिशवीतून कागद काढतो, तेव्हा नकार देणे त्या घरच्या विधवेस किती जड जाते! तेथे एल्विराचे बिशप व सिप्रियन यांचा संशय आम्ही मनापासून मान्य करतो.

पुढल्या भेटीत आम्ही त्या धर्मशिक्षकांस श्रीरामपूरच्या शनिवारच्या बैठकीची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "अर्धा सेवक की पुरा, ते राहू द्या. मंडळीने माझे तास विचारले तर मी लिहून देतो." दोन वडील व ते असे तिघे बसले. कारखान्यातील पाळ्यांचे वेळापत्रक पुढे घेऊन कोणत्या आठवड्यात आजाऱ्यांची भेट कोणी घ्यावी हे ठरले, उपवासकाळातील उपासना अर्ध्या तासाने पुढे गेली, आणि त्यांच्या प्रवासखर्चाची रक्कम प्रथमच मंडळीच्या वहीत चढली. ती घेण्यास ते आधी तयार नव्हते.