धुळाक्षरं आणि आठ वर्षांचा मास्तर

नोव्हेंबर १६२३. इटालियन प्रवासी पिएत्रो देला व्हाले इक्केरीच्या वाटेवर घाट चढत होता. वाटेतल्या एका देवळाच्या ओसरीत त्याला चार पोरं दिसली. भुईवर बारीक वाळू पसरलेली. आकड्यांची उजळणी सुरात म्हणायची आणि म्हणता म्हणता बोटानं वाळूत लिहायची, असा त्यांचा उद्योग चालला होता. पंतोजी कुठेच दिसेना. मग चुकलात तर सुधारतं कोण, असं त्यानं विचारलं. चौघंही एकाच जागी कसे चुकतील, असं पोरांचं उत्तर!

सोबत्यानं सोबत्याला शिकवण्याचं निम्मं बळ या उत्तरात आलं. उरलेलं निम्मं मद्रासला दिसलं.

तिथे एगमोरला सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी आश्रमशाळा होती. १७८९पासून तिचा कारभार अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे आला. एकदा सकाळी घोड्यावरून रपेट करताना त्याला मलबारी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं गिरवताना दिसली. परतल्यावर त्यानं हाताखालच्या मास्तरांना तसंच शिकवायला सांगितलं. जमणार नाही, म्हणाले ते. बेलनं मुळाक्षरांचा वर्ग जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे सोपवला, आणि त्याला ते जमलं. कालपरवाच ती अक्षरं शिकलेल्या पोराला बोट कुठे अडतं ते ठाऊक असणार; मास्तर मात्र आपलं अडणं कधीच विसरून गेलेले.

१७९७मध्ये बेलनं हा प्रयोग लंडनला छापला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरनं साउथवर्कला अशीच शाळा काढली आणि मूळ कल्पना कोणाची यावर दोघांच्या पक्षांत जुंपली. भांडणात अर्थ फारसा नव्हता. ओसरीतली पोरं दोघांच्याही आधीची.

लँकेस्टरच्या दालनात एक शिक्षक, शेकडो मुलं आणि मध्ये मॉनिटरांची फळी. खर्च नावापुरता, म्हणून पद्धत झपाट्यानं पसरली. उणीवही तिथेच उघडी पडली. मॉनिटरकडे शिदोरी तेवढ्याच धड्याची, पोरानं ‘का?’ विचारलं की ती संपली. मग उरे ती घोकंपट्टी. शिस्तीचीही तऱ्हा अजब होती. बेलला छडी नावडती. तो अपराध काळ्या वहीत टिपून निवाडा मुलांच्याच पंचांवर सोडी. लँकेस्टरही छडी टाळायचा, पण खोडकराला टोपलीत घालून छताला टांगायचा. अखेर १८४६मध्ये ब्रिटनमध्ये तेरा वर्षांवरच्या निवडक मुलांना पाच वर्षं शिक्षकाच्या हाताखाली तयार करण्याची योजना आली. नुसतं धडा पुढे ढकलणं पुरत नाही, हे सरकारनं एका अर्थी कबूल केलं.

तोवर ही पद्धत मुंबईला पोचली होती. १८२०च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे ज्या मंडळीत काम करत, तिनं मराठी शाळांसाठी लँकेस्टरची रीत उचलून धरली. पंतोजींच्या शाळांत तेव्हाही पोरं धूळपाटीवर ओणामा गिरवत होती.