एका भाटाची दोन खरेदीखतं

आमच्या घरच्या पेटीत माडांच्या एकाच भाटाची दोन पोर्तुगीज खरेदीखतं एकत्र शिवून ठेवलेली आहेत. पहिल्यात विकणारा म्हणतो, 'वडिलांचा मी एकटाच वारस', आणि सगळं भाट माझ्या आजोबांना विकतो. सात महिन्यांनंतरच्या दुसऱ्या खतात तोच माणूस मुंबईला असलेल्या आपल्या भावाकडून त्याच भाटाचा अर्धा हिस्सा विकत घेतो. एकदा विकून टाकलेली जमीन पुन्हा विकत कशाला घ्यायची? आणि तो कागद आमच्या पेटीत कसा?

उत्तर सापडलं ते १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यात. आपल्याकडे तो १ जुलै १८७० पासून लागू झाला. त्याचं कलम १५५५ सांगतं की जे आपलं नाही ते विकता येत नाही. विकलं तर व्यवहार रद्द, आणि विकणाऱ्याने लबाडीने किंवा वाईट हेतूने तसं केलं असेल तर नुकसानभरपाईही द्यावी लागते. पण त्याच कलमात पुढे एक वाट ठेवली आहे. खऱ्या मालकाने जमीन काढून घेण्याआधी किंवा फिर्याद होण्याआधी विकणाऱ्याने ती रीतसर मिळवली, तर पहिला व्यवहार पक्का होतो आणि तो शिक्षेतूनही सुटतो.

मग कोडं उलगडलं. लपवलेल्या भावाची कुणकुण आजोबांना लागली असावी आणि फिर्यादीच्या भीतीने विकणारा मुंबई गाठता झाला असावा. हा माझा तर्क. कागदांत तसं लिहिलेलं नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानातल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४३ याच्या जवळ जातं. तिथे मात्र मागाहून मिळालेला हक्क घ्यायचा की नाही, हे खरेदीदार ठरवतो. आणि विकणाऱ्याच्या शिक्षेच्या माफीबद्दल त्यात अक्षर नाही.

लहानपणी मी ऐकायचो, 'तुमचं भाट लबाडीचं.' ते अर्धं खरं होतं. लबाडी झाली, पण भावाला त्याचे पैसे मिळाले. दुसऱ्या खतातली किंमत पहिल्याच्या निम्म्याहून बरीच जास्त आहे, म्हणजे दंड विकणाऱ्याच्याच खिशातून गेला.

एक विनंती. जुने कागद लावताना शिवण उसवू नका. आमचं दुसरं खत सुटं पडलं असतं, तर तो आरोप मला आजही खोडता आला नसता.