बाळोत्यातून निघालेला पट्टा

जर्मनीतल्या माइन्झमधली गोष्ट. एका मुलाची सुंता होती आणि त्याला गुंडाळायचं कापड आणायचंच राहून गेलं. बाळाला मांडीवर घेऊन बसले होते रब्बी याकोब मोलिन. जर्मन ज्यूंच्या परंपरेत त्यांना महारिल म्हणतात. त्या काळी सुंता बहुधा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातच होई. महारिलनी सांगितलं, तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीला बांधलेला कापडी पट्टा सोडून आणा आणि बाळाला तोच बांधा. बाळाच्या जिवाला धोका असेल तिथे पावित्र्याचा प्रश्न मागे पडतो, हा त्यांचा निवाडा. पण तो एवढ्यावर थांबला नाही. पट्टा स्वच्छ धुऊन सिनेगॉगला परत करायचा, आणि पवित्र वस्तू घरच्या कामाला वापरली म्हणून बापाने वर थोडं दानही द्यायचं.

महारिल 1427 साली वारले. त्यांच्या रीतीभाती झाल्मान नावाच्या शिष्याने टिपून ठेवल्या होत्या. त्या 1556 साली इटलीतल्या साबिओनेता गावी छापून निघाल्या आणि त्यांच्याबरोबर ही गोष्टही पुढे गेली. जर्मन ज्यूंच्या घरात मुलाच्या सुंतेच्या कापडाचा ‘विम्पल’, म्हणजे तोराला बांधायचा पट्टा, करायची चाल कुठून आली असं विचारलं, की बहुतेक जण हीच गोष्ट सांगतात.

मला मात्र तिच्यात एक गफलत दिसते. गोष्टीत कापड तोराकडून बाळाकडे येतं, आणि प्रत्यक्ष चालीत ते बाळाकडून तोराकडे जातं. दिशाच उलटी आहे. त्यामुळे चाल या एका प्रसंगातून जन्मली हे काही पटत नाही. तोराच्या गुंडाळीसाठी कापडं शिवून सिनेगॉगला देणं हे बायकांचं जुनंच दान होतं, आणि बाळाचं कापड त्या दानात कधीतरी मिसळलं असावं. तरीही गोष्ट टिकली, आणि माझ्या मते ती त्यातल्या दानाच्या अटीमुळे. बाळासाठी देवळातलं काही घेतलंत, तर बाळाच्या नावाने देवळाला काही द्या. हा हिशेब कुणालाही समजतो.

पट्टा लागतो कशाला, ते आधी सांगायला हवं. युरोपातल्या ज्यूंची तोरा म्हणजे चर्मपत्राची लांबलचक गुंडाळी. ती दोन लाकडी दांड्यांवर दोन्ही बाजूंनी गुंडाळलेली असते. वाचन संपलं की दोन्ही भाग एकमेकांना भिडवून घट्ट बांधावे लागतात, नाहीतर चर्मपत्र घसरतं आणि फाटतं. या बांधणीवर मग मखमलीचा झगा चढतो. पट्टा आत झाकला जातो. वाचनाच्या वेळी गुंडाळी उघडणाऱ्या माणसालाच काय तो हाती येतो.

विम्पलची घडण साधी. सुंतेच्या वेळचं लिननचं कापड धुऊन त्याच्या चार पट्ट्या कापायच्या आणि टोकाला टोक जोडून शिवायच्या. साधारण तीन मीटर लांबीचा, वीतभर रुंदीचा पट्टा तयार होतो. जुन्या विम्पलवरचे ते सांधे आजही नजरेला दिसतात, आणि कापड मुळात चौकोनी होतं याची तीच साक्ष. मग त्यावर हिब्रू अक्षरं. पुष्कळदा अक्षरांचा आराखडा गावातला शिक्षक किंवा लेखनिक काढून देई आणि रेशमी दोऱ्याने साखळी टाका किंवा भरीव टाका घालून ती भरायचं काम घरातल्या बायका करत. पुढे 18व्या-19व्या शतकात सुईची जागा बऱ्याच ठिकाणी कुंचल्याने घेतली. रंगवलेले पट्टे लवकर होत आणि दिसतही झगझगीत. पण भरतकामातलं वाकडंतिकडं अक्षर पाहिलं की ते कुणाच्या तरी हातचं आहे हे कळतं, रंगातलं इतकं कळत नाही. माझा कल भरतकामाकडे आहे, हे उघडच आहे.

मजकूर जवळजवळ ठरलेला. मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्माचा वार, ज्यू पंचांगातली तिथी-महिना-साल, आणि शेवटी आशीर्वाद: हा मुलगा तोराच्या अभ्यासापर्यंत, लग्नाच्या मांडवापर्यंत आणि सत्कर्मांपर्यंत वाढो. एवढ्या ठरीव साच्यात कलाकाराला जागा कुठे? तर अक्षरांच्या पोटात. हिब्रूतला ‘लामेद’ ओळीच्या वर मान काढून उभा असतो. त्याची मान कुणी पक्ष्याची केली, कुणी त्यावर फुलांची वेल चढवली. इतर अक्षरांत मासे, हरणं, सिंह शिरले. तोराचा उल्लेख आला की शेजारी मुकुट घातलेली गुंडाळी, लग्नाचा उल्लेख आला की मांडवाखाली उभे नवरा-नवरी. हे नवरा-नवरी त्या-त्या काळच्या कपड्यांत असत, म्हणून पोशाखाचा इतिहास लिहिणाऱ्यांनाही विम्पल उपयोगी पडतात.

आणि हो, रास! जन्मतारखेजवळ राशीचं चित्र काढायची पद्धत होती. आपल्याकडे रास जन्मवेळच्या चंद्रावरून धरतात. या पट्ट्यांवर ती ज्यू महिन्यावरून येते, निसान महिना म्हणजे मेष आणि पुढे त्याच क्रमाने. कुंभेच्या ठिकाणी बहुधा पाण्याची बादली दिसते, कधी विहिरीसकट. धनूला पुष्कळदा नुसतं धनुष्य पुरतं.

पट्टा तयार झाला की घरात जपून ठेवायचा. मूल तीनेक वर्षांचं झालं की बाप त्याला घेऊन सिनेगॉगमध्ये जाई आणि पोराच्या हातून तो पट्टा अर्पण होई. फ्रँकफुर्टचा चित्रकार मोरिट्स डॅनिएल ओपेनहाइम याने 19व्या शतकात ज्यू घरांतल्या जुन्या रीतींची एक चित्रमालिकाच रंगवली, तीत हा प्रसंग आहे. अर्पण झाल्यावर पट्टा कुटुंबाचा राहत नाही, गावाचा होतो. पण मुलाची तेराव्या वर्षीची बार मित्स्वा, म्हणजे धर्माने सज्ञान होण्याचा विधी, आली की त्या दिवशीची तोरा त्याच्याच पट्ट्याने बांधतात, आणि लग्नाआधीच्या शनिवारी पुन्हा तोच काढतात.

चांदीचे मुकुट, तोरावर टांगायच्या नक्षीदार ढाली, सोनेरी जरीचे झगे ही दानं पैसेवाल्यांची. विम्पल मात्र मुलगा झालेल्या प्रत्येक घरातून येई. गुरांच्या व्यापाऱ्याचा पट्टा आणि सावकाराचा पट्टा एकाच पेटीत पडून असत. मोठ्या सिनेगॉगमध्ये अशा पट्ट्यांच्या राशी साठत आणि आपोआपच गावाची जन्मनोंद तयार होई. नागरी नोंदवह्या सुरू होण्याआधीच्या काळात कोण कधी जन्मला हे शोधताना वंशावळीचे अभ्यासक आज याच पट्ट्यांकडे वळतात.

1938 च्या नोव्हेंबरात जर्मनीतली सिनेगॉग पेटवली गेली तेव्हा या राशीही जळाल्या. जे उरलं ते आडवाटेने. व्युर्त्सबुर्गजवळच्या फाइट्सहोखहाइम गावात 1986 साली जुन्या सिनेगॉगची दुरुस्ती चालू असताना माळ्यावर झिजलेल्या धर्मग्रंथांचा आणि कापडांचा साठा निघाला. देवाचं नाव असलेलं काहीही फेकायचं नाही, बाजूला ठेवायचं, या ज्यू नियमामुळे तो तिथे पडून होता. त्यात विम्पलही निघाले.

दुसरी वाट प्रागची. नाझींच्या ताब्यात असलेल्या प्रागच्या ज्यू संग्रहालयात 1942 पासून बोहेमिया आणि मोराविया इथल्या ओस पडलेल्या सिनेगॉगमधलं सामान गोळा होऊ लागलं. त्याच्या याद्या ज्यू कर्मचाऱ्यांकडूनच करून घेतल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेकांना नंतर छळछावण्यांत धाडलं गेलं. युद्धानंतर तोराच्या गुंडाळ्या ओलसर जागेत पडून राहिल्या. शेवटी राल्फ याब्लन या दानशूर गृहस्थांच्या पैशातून 1,564 गुंडाळ्या विकत घेतल्या गेल्या आणि फेब्रुवारी 1964 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर सिनेगॉगमध्ये उतरल्या. त्यांच्याबरोबर शेकडो पट्टेही आले.

पुढचा किस्सा तिथली मंडळी आवडीने सांगतात. डेव्हिड ब्रँड नावाचा एक लेखनिक काम शोधत दाराशी आला आणि दुरुस्तीला एखादी तोरा आहे का, असं त्याने विचारलं. त्याला आत नेऊन सगळा साठा दाखवला गेला. मग तो वर्षानुवर्षं तिथेच काम करत राहिला. दुरुस्त झालेल्या गुंडाळ्या जगभरच्या सिनेगॉगना विकल्या नाहीत, सांभाळायला दिल्या. मूळ गाव कोणतं हे लक्षात ठेवण्याच्या बोलीवर. घेणारे कधी आपल्याकडच्या गुंडाळीसाठी नवा पट्टा शिवतात.

आपल्याकडच्या, रायगड-मुंबईच्या बेने इस्राएल ज्यूंकडे मात्र विम्पलची चाल शोधू नये. भारतातल्या सिनेगॉगमध्ये तोरा प्रामुख्याने लाकडी किंवा धातूच्या उभ्या पेटीत ठेवतात आणि उभ्यानेच वाचतात. पेटीच तिला धरून ठेवत असल्याने पट्ट्याचा प्रश्न येत नाही. ही चाल जर्मन ज्यूंची, आल्सेस-स्वित्झर्लंडपर्यंत पसरलेली. ती समुद्रापार गेली ती निर्वासितांबरोबर. फ्रँकफुर्टहून पळालेल्यांनी 1938 साली न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये स्थापलेल्या मंडळात आजही छोटी मुलं पट्टा घेऊन येतात.

अलीकडे इतर ज्यूंनीही ही चाल उचलली आहे. अमेरिकेत विम्पल रंगवून देणारे आणि शिवून देणारे कलाकार आहेत. कुणी आजोबांच्या प्रार्थनेच्या शालीतून पट्टा करून घेतं, कुणी आईच्या लग्नाच्या कपड्यातून. सुंतेशी संबंध सुटला, त्यामुळे मुलींचेही पट्टे होऊ लागले.

या नव्या बदलांबद्दल नाक मुरडणारे भेटतात. त्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. जुन्या जर्मन विम्पलवर मुलगा असतो, बाप असतो. टाके घालणारी आई बहुधा नसते. इटलीत मात्र तोराच्या पट्ट्यावर बायका आपलं नाव भरत होत्या. 1582-83 सालचा होनोराता फोआ या बाईचा असा एक पट्टा न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये आहे. नव्या विम्पलवर बापाच्या शेजारी आईचंही नाव येतं, ते परंपरेला सोडून आहे असं म्हणणाऱ्याने आधी कुठली परंपरा ते सांगायला हवं.