सव्वासहाचा पाढा

आमच्या आजीने आयुष्यात रोजनिशी कधी लिहिली नाही. लिहिला तो जमाखर्च. मराठी चौथीपर्यंत शिकलेली बाई. अक्षर टपोरे, थोडे डावीकडे कललेले. वाईच्या गंगापुरीतला वाडा सोडताना वडिलांनी जी एक पत्र्याची ट्रंक बरोबर आणली, तिच्यात या वह्या होत्या. लाल कापडी बांधणीच्या, आडव्या. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या वाचायला घेतल्या. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला जुन्या कागदाचा मोह आवरत नाही, हे एक कारण. आणि दुसरे म्हणजे शाळामास्तराला दुसऱ्याचा हिशेब तपासल्याशिवाय चैन पडत नाही!

वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. गावात, देशात जे जे घडले ते ते सारे या वह्यांत आहे, पण पैशाच्या रूपाने. १९५७ सालचीच वही घ्या. त्या वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करायला आले. मुंबईसह मराठी राज्य अजून मिळाले नव्हते. आदल्याच वर्षी गुजराती-मराठी मुलखांचे थोरले द्वैभाषिक राज्य माथी मारले होते. म्हणून संयुक्त महाराष्ट्र समितीने काळ्या निशाणांनी निदर्शने करायचे ठरवले. वाईच्या रस्त्याने आणि पसरणीच्या घाटाने माणसांची रीघ लागली. इतिहासाच्या पुस्तकात हे सारे सापडते. आजीच्या वहीत त्या दिवशी एवढेच लिहिले आहे: "जोंधळे जादा दीड पायली. गूळ. मंडळी चौदा."

चौदा मंडळी कोण, कुठली, काही लिहिलेले नाही. वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यांना आठवते ते इतकेच, की ओसरीवर अनोळखी माणसे दाटीवाटीने निजली होती, आणि आजोबा, मास्तर म्हणून नोकरीच्या भीतीने, त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत. आजी मात्र शेजारणींबरोबर रस्त्यापर्यंत जाऊन आली. मास्तरांचा पगार महागाईभत्ता धरून ऐंशी रुपयांच्या आतबाहेर, घरात चार पोरे, आणि महिनाअखेरीला दीड पायली जोंधळे जादा! पुढच्या पंधरवड्यात तेलाचा आकडा निम्म्यावर आलेला आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी कुणी काय दिले याचा हिशेब मांडताना असल्या तेलाची नोंद कोण करणार?

पण या वहीतले खरे महाभारत निराळेच आहे. त्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही, कुणी निशाण उचलले नाही. ते घडले त्याच वर्षीच्या १ एप्रिलला.

आजच्या मुलांना सांगायला हवे म्हणून सांगतो. त्या दिवसापर्यंत रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, आणि पैशाच्या पै तीन. म्हणजे रुपयाचे पैसे चौसष्ट आणि पै एकशे ब्याण्णव. पै हे नाणे हातात यायचे केव्हाच थांबले होते, पण हिशेबात ती जिवंत होती. टपालाचे कार्ड नऊ पैंना मिळे. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. युद्धकाळात तांबे महागले तेव्हा निघालेला भोकाचा पैसाही चाले. तो पोरे दोऱ्यात ओवून कमरेला बांधीत. १९५५ साली संसदेने कायदा करून रुपयाचे शंभर भाग पाडायचे ठरवले, आणि १ एप्रिल १९५७ पासून "नया पैसा" चालू झाला. नाण्यावर लिहिलेलेच होते, रुपयाचा शंभरावा भाग म्हणून.

गंमत अशी, की तो दिवस नेमका गुढीपाडव्याचा होता. दिल्लीच्या कारभाऱ्यांनी हे मुद्दाम साधले असेल असे वाटत नाही. तिकडे मार्च संपला की नवे आर्थिक साल. पण आमच्या वाड्यात त्याचा अर्थ निराळा लागला. साडेतीन मुहूर्तांपैकी एकावर आलेला पैसा शुभच असणार, असे आजोबांचे मत पडले. आजीने लिहिले आहे: "पाडवा. साखरेच्या माळा ४. नवा पैसा आला. फार लहान आहे."

अडचण कुठे होती ते पाहा. अधेली सरळ पन्नास नव्या पैशांची झाली, पावली पंचवीसची. तिथे तंटा नाही. पण सोळाने शंभराला भागले की आणा होतो सव्वासहा नव्या पैशांचा. पाव नवा पैसा कुणी कुणाला द्यायचा? तेव्हा नियम असा केला, की हिशेबात अपूर्णांक अर्धा किंवा त्याहून कमी उरला तर सोडून द्यावा, अर्ध्याहून जास्त असेल तर पुरा पैसा धरावा. त्याप्रमाणे आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस. कार्डाचे झाले पाच. जुन्या एका पैशाचे, म्हणजे दीडाहून किंचित जास्तीचे, झाले दोन.

नियम चांगला आहे. कागदावर पाहिला तर कुठे चार कण इकडे, कुठे चार कण तिकडे. पण त्यात एक मेख होती, आणि ती बड्या अर्थशास्त्र्याच्या आधी वाण्याच्या पायरीवर उभ्या राहिलेल्या बाईला दिसत होती. जो रुपयाचा माल एकदम घेतो त्याला रुपया शंभर पैशांनाच पडतो. जो पैशा-पैशाची मोहरी, पैशाचे जिरे, पैशाची हळद अशा पुड्या नेतो, तो दर पुडीला दोन नवे पैसे मोजतो. अशा चौसष्ट पुड्या नेल्या की त्याचा रुपया एकशे अठ्ठावीस नव्या पैशांचा झाला! म्हणजे रुपयामागे अठ्ठावीस पैसे भुर्दंड कुणाला, तर ज्याच्या गाठी एका वेळी एक पैसाच असतो त्याला. वाणी लबाड होता असे मी म्हणत नाही. तो बिचारा दुकानात टांगलेल्या कोष्टकाकडे बोट दाखवी, आणि ते कोष्टक बरोबरच होते.

आजीने हे ताडले कसे, याचे श्रेय मी अर्धे आजोबांना देतो आणि अर्धे मुळीच देत नाही. आजोबा तेव्हा दुःखात होते. संध्याकाळी दिवेलागणीला पोरांकडून परवचा म्हणून घ्यायचा हा त्यांचा नेम. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. आता दशांश आला, हे सारे पाढे मेले, आपण तीस वर्षे शिकवले ते पाण्यात गेले, असे त्यांना वाटे. (सर्व मास्तरांना आपला विषय अमर असावा असे वाटते. मीही त्याला अपवाद नाही.) आणि इकडे आजी स्वयंपाकघरात तेच पाढे वापरून नव्या पैशाची फजिती करीत होती! वडील सांगतात, ती भाकरी थापता थापता म्हणायची, "सव्वासहा, साडेबारा, पावणेएकोणीस, पंचवीस." चार आण्यांना घर बिनचूक भरते. चाराच्या आत कुठे तरी गळती आहेच.

"अहो, सव्वासहाचे सहा होतात तेव्हा पाव कुठे जातो?" तिने विचारले.

"सरकारजमा," आजोबा म्हणाले.

"सरकारकडे कशाला जाईल? तो दुकानात जातो, नाही तर आपल्याकडे राहतो."

मग वाड्यातल्या चार बिऱ्हाडांनी एक तोड काढली. प्रत्येकीने आणा घालायचा, चार आण्यांची मोहरी एकदम आणायची, आणि ओटीवर बसून वाटीने चार वाटे करायचे. तसेच जिऱ्याचे, तसेच हळदीचे. वहीत याला शब्द आहे "चौघींचे". चौथी होती मागच्या खोलीतली आत्याबाई, एकटीच विधवा बाई. पापड लाटून पोट भरायची. तिच्याजवळ एकदम आणा नसे. तिचा आणा आजी घाली आणि वहीत मांडी: "आत्याबाई, येणे १ आ." एप्रिलमध्ये तीनदा, मेमध्ये चारदा. पुढे पावसाळ्यात फ्लूची मोठी साथ आली, सुंठ-काढ्याच्या आणि डॉक्टरच्या नोंदींनी पाने भरली, तरी मधून मधून आत्याबाई आहेच. दिवाळीनंतर ते नाव दिसत नाही. आजीची पद्धत अशी, की येणे वसूल झाले की आडवी रेघ ओढायची. आत्याबाईच्या एकाही नोंदीवर रेघ नाही. वडिलांना विचारले तर त्यांना ती नीटशी आठवतही नाही.

नाणी पुढे सरावाची झाली. १ जून १९६४ पासून "नया" हा शब्द गळला, पैसा नुसता पैसा झाला. पंचवीस पैशांचे नाणेही ३० जून २०११ पासून बंद पडले, तरी आपण अजून सोळा आणे खरे बोलतो आणि चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला घालतो.

आता ताकवालीची गोष्ट सांगायची राहिली. पसरणीकडून एक बाई रोज ताक घेऊन येई. उन्हाळ्यात घरी आण्याचे ताक लागे; एप्रिलभर आजी रोज कोष्टकाप्रमाणे सहा नवे पैसे तिच्या हातावर ठेवी. महिन्याच्या शेवटी तिने तीस आण्यांची बेरीज केली. रुपया चौदा आणे म्हणजे एकशे साडेसत्त्याऐंशी नवे पैसे. दिले होते एकशे ऐंशी. या खेपेला गळती वाण्याच्या दुकानात नव्हती. ती आजीच्याच डब्यात साठली होती. वहीत लिहिले आहे, "ताकवाली, राहिले ७ न. पै."

वडील तेव्हा तिथेच होते. ताकवाली म्हणाली, "असू द्या की वैनी, साताचं काय एवढं मोठं!"

"मोठं नाही, पण तुझं आहे," आजी म्हणाली. बाईने पैसे घेतले आणि वर ओंजळभर लोण्याचा गोळा देऊ केला. तो घ्यावा की नाही यावर आजी-आजोबांचा बराच वाद झाला, आणि तो होईपर्यंत पोरांनी लोणी संपवले.

मे महिन्यापासून तिचे पैसे महिनाअखेरी एकदम द्यायचे ठरले. मेचे दिवस एकतीस. एकतीस सव्वासहा एकशे पावणेचौऱ्याण्णव. तिथे आजीने लिहिले आहे: "ताक, रु. १, न. पै. ९४." आणि शेजारी, बहुधा पोरांच्या वह्या तपासून झाल्यावर हातात राहिलेल्या लाल पेन्सिलीने, आजोबांची बरोबरची खूण आहे.